कारखान्यात येऊन कॅटलॉग शूट: उजेडाला पैकीच्या पैकी, बाकीचं वाचून ठरवा

सोलापुरात कॅटलॉग शूट करून घ्यायचं तर आजवर दोनच वाटा होत्या. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला बोलवा, म्हणजे तो बाथरोबच्या मागेही गुलाबी धूर सोडतो. नाहीतर मालाची खोकी भरून पुणं-मुंबई गाठा. आता पुण्याचा एक स्टुडिओ सेट, दिवे, मेकअपवाली, मॉडेल असं सगळं गाडीत घालून थेट आपल्या दारात येतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेल आणि बाथरोबचं छोटं युनिट आहे. मार्चमध्ये आम्ही त्यांना बोलावलं. ओळखीतले कारखानदार "कसं झालं ओ?" म्हणून विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते. स्टुडिओचं नाव घालत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्या एकट्याची नाही, सगळ्या धंद्याचीच आहे.

आधी हिशोब. एका दिवसाचं पॅकेज 38,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. त्यात 40 फोटो, एक मॉडेल, मेकअप आणि एडिटिंग. येण्या-जाण्याचा खर्च त्यांचा, जेवण आपलं. सकाळी नऊला येतो म्हणाले आणि नऊलाच आले, हे आपल्याकडे मुद्दाम लिहावं लागतं.

फोटोग्राफर एक नंबर. पांढऱ्या टेरीचा फोटो काढणं सोपं नसतं. समोरून फ्लॅश मारला की पाइल (टेरीच्या धाग्यांचे उभे लूप) सपाट दिसते आणि 450 जीएसएमचा (चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा) जाड रोब साध्या कॉटनच्या गाऊनच्या किमतीचा वाटायला लागतो. या पोरानं दिवा जवळजवळ जमिनीलगत, एका अंगानं लावला, तशी एकेका लूपला सावली पडली. शॉल कॉलरची पाइपिंग, खिशाचा टाका, बेल्टची वीण, सगळं सुटं सुटं दिसतंय. आमच्या शिलाई मास्तरांनी लॅपटॉपवर फोटो मोठा करून बघितला आणि "खिशाचा एक टाका सुटलाय की ओ वहिनी" म्हणून मलाच दाखवला. तो रोब बाजूला काढून दुसरा घातला. सोलापुरी चादरीबरोबर आपल्या टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, पण असा फोटो असल्याशिवाय बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्यातलं काही कळत नाही.

आता मॉडेलचं. तिचं कार्ड आधीच व्हॉट्सअॅपवर आलं होतं. उंची पाच फूट नऊ इंच, छाती-कंबर-हिपची मापं 32-23-34 इंच, डोळ्यांचा रंग, बुटाचा नंबर. वजन कुठंच नव्हतं. मुलगी बाविसेक वर्षांची, कामाला चोख. पोझ एकदा सांगितली की दुसऱ्यांदा सांगायला लागत नव्हती. तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

घोळ रोब अंगावर चढवल्यावर कळला. आमच्या मीडियमचा घेर 46 इंच. पुढचा पल्ला दुसऱ्या बाजूच्या खिशापर्यंत यावा, असा आमचा कट आहे. तिच्यावर तो बाजूच्या शिवणीला वळसा घालून पाठीकडे निघाला. खांद्याची शिवण दंडावर उतरली. मग त्यांच्या असिस्टंटनं पाठीमागचं कापड मुठीत गोळा करून वरपासून खालपर्यंत स्टीलच्या क्लिपा मारल्या. पुढून बघाल तर रोब मापात शिवलेला, मागून बघाल तर नुसत्या क्लिपा. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, "मॅडम, सगळे असंच करतात. पुढच्या वेळी फक्त शूटसाठी एक्स्ट्रा स्मॉलचा एक नग शिवून ठेवा." म्हणजे जो माल मी विकतच नाही, तो शिवायचा, आणि त्याचा फोटो दाखवून दुसराच विकायचा.

याचा भुर्दंड कुणाला बसतो ते धंद्यातल्यांना माहीत आहे. फोटोत पल्ला ऐसपैस चढलेला दिसतो. तो बघून कुठली तरी बाई मीडियम मागवते. तिच्या अंगावर पल्ला जेमतेम जुळतो आणि खाली बसली की उघडतो. माल परत. परतीचं कुरिअर आमच्या माथी, आणि एकदा वापरून बघितलेला पांढरा रोब धुऊन सेकंडमध्येच, म्हणजे कमी भावाच्या मालात, टाकावा लागतो. मापं चुकतात कारण आपल्या देशाला स्वतःचा साइज चार्टच नव्हता. त्यासाठी निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं सहा शहरांत 25,000 माणसांची थ्रीडी स्कॅनरवर मापं घ्यायचा 'इंडियासाइज' प्रकल्प हाती घेतला. तिकडं सरकारनं आपल्या अंगाची खरी मापं गोळा करायला घेतली, आणि इकडं आम्ही 23 इंचाच्या कंबरेवर क्लिपा मारून तिला मीडियम म्हणतोय.

इथवरची तक्रार पैशाची होती. दुसरी गोष्ट पॅकेजमध्ये लिहिलेली नव्हती.

मार्चची दुपार, वर पत्रा, त्यात स्टुडिओचे दिवे. मेकअपवाली पुठ्ठ्यानं स्वतःलाच वारा घालत होती, मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ही मुलगी मात्र शॉट संपला की रोबची कॉलर गळ्याशी घट्ट धरून बसायची. एकदा हळूच म्हणाली, "ताई, तो कूलर जरा तिकडं वळवता का? गार लागतंय." मी हात हातात घेतला तर बोटं गारढोण.

जेवायला भरली वांगी, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. टीमनं ताव मारला. फोटोग्राफरनं तर चटणी बांधून मागितली. हिनं अर्धी काकडी आणि काळी कॉफी घेतली. ओव्हरलॉक मशीनवरच्या आमच्या अक्का लांबून बघत होत्या. त्या उठून आल्या आणि मला म्हणाल्या, "काय ओ वहिनी, ही पोरगी काय खाईना झाली की. आमचं तिखट लागतंय काय तिला?" मुलगी हसली. "तिखटाचं नाही हो अक्का, संध्याकाळपर्यंत पोट दिसायला नको." अंगावर 450 जीएसएमचा टेरी, त्यावर बेल्टची गाठ, आणि काळजी पोटाची! अक्कांनी वाटी पुढं सरकवली तेव्हा त्यांचं मन राखायला तिनं दोन चमचे दही खाल्लं. मग आपणहूनच सांगितलं, की मुंबईत एक शो आहे आणि एजन्सीनं हिपचं माप इंचभर उतरवून यायला सांगितलंय. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

मी डॉक्टर नाही. खाऊन-पिऊन काटक असणारी माणसं आमच्या घरातच आहेत, त्यामुळं नुसतं बघून कुणाला आजारी ठरवणार नाही. पण पोटाला न मिळाल्यावर अंग गार पडतं, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही, आणि वर माप उतरवायचा हुकूम आहेच. माझ्या फॅक्टरीत एखादी बाई मशीनवर चक्कर येऊन पडली तर जबाबदार मी. 1948 च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती घालून दिली, अठराच्या आतल्या कामगाराला डॉक्टरचा फिटनेस दाखला सक्तीचा केला. त्याच पत्र्याखाली, दहा फुटांवर, दिव्यांसमोर उभ्या असलेल्या मुलीबद्दल मला कुणी कसलाही कागद विचारला नाही. मॉडेलच्या तब्येतीबद्दल आपल्याकडे वेगळा कायदाच नाही.

रात्री घरी यावरून चांगलीच जुंपली. आमच्या ह्यांचं म्हणणं, कुणाच्या वजनात सरकारनं नाक खुपसायचं काय कारण? तिचं शरीर, तिचा पोटाचा धंदा. मी म्हटलं, बाहेर खुपसलंय, आणि पोरी मेल्यावर खुपसलंय. ऑगस्ट 2006 मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस माँतेविदेओमध्ये फॅशन शोच्या वेळीच कोसळली आणि गेली, वय 22. पुढच्याच महिन्यात माद्रिदच्या फॅशन वीकनं 18 च्या खाली बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) असलेल्या मॉडेल्सना रॅम्प बंद केला. नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्तोन गेली, 21 वर्षांची. इस्रायलनं 2012 मध्ये सरळ कायदा केला, आणि त्यासाठी झटणारा आदी बरकान स्वतः फॅशन फोटोग्राफर आणि मॉडेल्सचा एजंट होता, म्हणजे आतलाच माणूस. तिथं रेघ 18.5 वर आहे आणि डॉक्टरचा अहवाल तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या उंचीला ती रेघ 57 किलोच्या जरा खाली येते.

पण नुसत्या आकड्याची रेघ मलाही पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 18.7 टक्के बायका त्या 18.5 च्या खालीच निघाल्या. आमच्या शिलाईवरच्या दोघी-तिघीसुद्धा निघतील. कष्टाच्या घरातली एखादी उंच, सडपातळ पोरगी कधी नव्हे ते कॅमेऱ्यासमोर उभी राहायला आली, तर तिला काट्यावर चढवून परत पाठवणार का? शिवाय आकडा चुकवणं अवघड नाही. दोन लिटर पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं की दोन किलो भरतात. सुताला ओल मारून वजन वाढवणारे व्यापारी सोलापूरकरांना कुणी नव्यानं सांगायला नकोत.

म्हणून मला फ्रान्सची पद्धत बरी वाटते. तिथंही आधी ठरावीक बीएमआयचीच भाषा होती, शेवटी निर्णय डॉक्टरवर सोपवला. बीएमआय बघायचा, पण एकूण तब्येतीसकट. मे 2017 पासून मॉडेलकडे वैद्यकीय दाखला लागतो, तो जास्तीत जास्त दोन वर्षं चालतो. आणि कळीचा मुद्दा असा, की दाखल्याशिवाय काम दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि 75,000 युरोपर्यंत दंड, तोही मुलीला नाही, कामाला लावणाऱ्याला. असंच पाहिजे. मुलीला "खा गं" म्हणून काय उपयोग, जोवर माप उतरवून ये म्हणणारा मोकळा आहे?

हे म्हणाले, "दाखला काय, कोपऱ्यावर मिळतो." मिळत असेल. पण त्यावर डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर असतो, उद्या काही झालं तर धरायला माणूस सापडतो. आज तर धरायला कुणीच नाही. स्टुडिओ म्हणतो एजन्सी, एजन्सी म्हणते पार्टीची मागणी, आणि पार्टी म्हणजे मी, जिनं 23 इंचाची कंबर मागितलेलीच नव्हती. 2017 मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या फ्रेंच फॅशन समूहांनी आपणहून सनद केली, फ्रेंच 32 या एकदम बारीक साइजच्या मॉडेल घेणार नाही म्हणून. चांगलंच केलं. पण त्यांच्या ब्रँडचा दबदबा आहे, एजन्सी त्यांचं ऐकते. दीडशे रोबची ऑर्डर घेऊन बसलेल्या सोलापूरच्या पार्टीनं अटी घातल्या तर समोरचा फोन ठेवतो. लहानांना कायद्याचाच आधार लागतो.

एडिटिंगवर थोडक्यात. फोटो ठरल्या दिवशी आले, पण क्लिपा मारून आवळलेली कंबर कॉम्प्युटरवर आणखी आत घेतलेली. बेल्टच्या विणीच्या सरळ रेघा कंबरेपाशी वाकल्या होत्या, मास्तरांनी तिथंच पकडलं. वर "स्मूथ" करताना पाइलही पुसली, म्हणजे फोटोग्राफरची सगळी मेहनत पाण्यात. फोन केल्यावर कुरकुर न करता मूळ फोटो दिले, जादा पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूचं. पण "आम्ही सगळ्यांचंच करतो, बाय डिफॉल्ट" हे उत्तर ऐकून मी गप्पच झाले. फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा असा बदलला तर "फोटो रिटच केलेला आहे" असं छापावं लागतं, नॉर्वेतही 2022 पासून तसा नियम आहे. आपल्याकडे विचारणारं कुणी नाही, तर बाय डिफॉल्टच होणार.

तारे द्यायचे तर वेळ, उजेड आणि वागणूक पाचपैकी पाच. एडिटिंगला दोन, तेही मूळ फोटो दिले म्हणून. मॉडेलच्या व्यवस्थेला एक, आणि तो त्या मुलीच्या कामाचा. बोलावणार असाल तर कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या: आपल्या खऱ्या मीडियमला बसणारी व्यक्ती, पाठीमागे क्लिपा नाहीत, आकृतीचं एडिटिंग नाही. मी हे विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या यादीत एकतर सॅम्पल साइज (अशीच बारीक मापाची मॉडेल) आहे नाहीतर प्लस साइज. मधली बाई, म्हणजे आपलं सगळं गिऱ्हाईक, यादीतच नाही.

दिवाळीच्या कॅटलॉगसाठी मी चार अटी पाठवल्यात. क्लिपा, एडिटिंग आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीला ते हो म्हणाले. डॉक्टरच्या दाखल्यावर "एजन्सीला विचारून सांगतो" एवढंच उत्तर आलंय. नाहीच जमलं तर फोटोग्राफर त्यांचा आणि रोब घालणारी माणसं मी इथलीच घेणार. तसं केलं तर पॅकेजमधून मॉडेलचे किती कमी करायचे, यावर सध्या घासाघीस चालू आहे.