ग्वाल्हेरात उठावनीला गाणारी मंडळी: साडेतीन तारे

आईच्या उठावनीला, म्हणजे शोकसभेला, ही मंडळी बोलावली होती. आधी पैशांचं सांगते, कारण ऐन वेळी तेच विचारायची लाज वाटते. चार माणसं, एक तास, माईक-स्पीकर त्यांचे: साडेसात हजार. दीड हजार आगाऊ. जनरेटरचे सातशे वेगळे, हे फोनवर सांगितलं नव्हतं, गादीवर बसल्यावर सांगितलं. अशा वेळी कोण घासाघीस करतं? तेही त्यांना ठाऊक असतं. मंडळीचं नाव लिहीत नाही. तक्रारी दोन-तीन आहेत, पण उपकारही आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना उठावनी माहीत नसेल. आमच्या ग्वाल्हेरात माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तासाभराची सभा असते. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, कोपऱ्यात गाणारे, शेवटी फुलं वाहायची आणि दाराशी उभ्या घरच्यांना हात जोडून निघायचं. मराठी घरांत ही रीत नव्हती, आपलं दहावा-तेरावा. पण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तीन पिढ्या काढल्यावर शेजाऱ्यांची रीत आपली होऊन जाते. दादा पुण्याहून आला होता, त्याला पटेना. "आई जाऊन तीन दिवस झालेत आणि ऑर्केस्ट्रा?" मी म्हटलं, अरे, तानसेनाच्या थडग्यापाशी दर डिसेंबरला समारोह होतो, ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांची स्तुती) झाल्याशिवाय सुरूच होत नाही. या गावात मेलेल्या माणसासमोर गाण्याची लाज कसली?

तर मंडळीच्या मॅनेजरनं मोबाइलवर गाण्यांची यादी पाठवली. चौदा गाणी. दोन भजनं सोडली तर सगळी एकाच सुरातली: कुठे निघून गेलास, परत ये, घर सुनं झालं. म्हणजे मागे राहिलेल्यांनी आपल्याच गळ्यात पडून रडायचं. जाणाऱ्याला काही बोलायचं असेल, याचा पत्ताच नाही. पंचविशीतला मुलगा अपघातात गेला तर ही गाणी ठीक. आमची आई चौऱ्याऐंशीची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. खरं सांगायचं तर "परत ये" असं आमच्यातलं कुणीच म्हणत नव्हतं. ती स्वतः तर नाहीच नाही.

कबीराचा एकटा उडून जाणारा हंस तेवढा मी यादीत ठेवला. देवासला राहून कुमार गंधर्वांनी तो असा काही गायलाय की आमच्या या भागात मराठी-हिंदी भांडण त्या पदापाशी मिटतं. बाकीच्यांवर काट मारली आणि मॅनेजरला म्हटलं, भैया, तांबे गा.

"कौन तांबे?"

भास्कर रामचंद्र तांबे. याच संस्थानचे राजकवी. 7 डिसेंबर 1941 ला याच गावात वारले. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, 18 जून 1858 ला त्या लढताना पडल्या. तिच्यावर "रे हिंदबांधवा, थांब या स्थळी, अश्रु दोन ढाळी" लिहिणारे तेच. शाळेत आम्हाला ते पाठ होतं. पण त्या माणसाची गंमत बघा. राणीसाठी वाटसरूला हात धरून थांबवतो, दोन अश्रू मागून घेतो. स्वतःची वेळ आली की म्हणतो, "जन पळभर म्हणतिल हाय हाय, मी जाता राहिल कार्य काय?" सूर्य तळपेल, शेतं पिकतील, नद्या वाहतील. माझ्यावाचून कुणाचं अडणार नाही. रुसवा नाही की टोमणा नाही. हिशेब लिहावा तसं लिहिलंय. आई पोळ्या लाटताना हेच गुणगुणायची, लतादीदींच्या चालीवर (चाल वसंत प्रभूंची). लहानपणी मला ते पोळ्यांचंच गाणं वाटायचं.

दादाची फर्माईश वेगळी होती. त्याला सुरेश भटांची ती सरणावरची गझल हवी होती. मरणानं सुटका केली, छळलं ते जगण्यानं, असं जाताना कळल्याची. गझल जबरदस्त आहे, वाद नाही. पण दादा, जरा विचार कर. समोरच्या रांगेत आईच्या दोन्ही सुना बसणार. त्यातली एक तुझी. आणि माईकवरून आई सांगणार की जगण्यानं छळलं! त्यानं मुकाट्यानं फर्माईश मागे घेतली.

"नववधू प्रिया मी बावरते" माझ्या यादीत होतं, ते मीच कापलं. माझ्या लग्नात मामेभावानं त्याची कॅसेट लावली होती. आईनं मांडवातून तरातरा जाऊन ती बंद केली, कारण सांगितलं नाही. पुढे बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा बाई म्हणाल्या की नवरी म्हणजे जीव आणि ज्याच्याकडे जायला ती लाजते-बिचकते तो मृत्यू. एवढं हळुवार मरण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. भीती आहे, पण ती परक्या घरी जातानाची. लग्नात ते नको हे आईचं बरोबरच होतं. उठावनीला चाललं असतं, पण अर्ध्या हॉलला लग्नाचंच गाणं वाटलं असतं.

आता सेवा. वेळेवर आले, हा एक तारा. निवेदकानं आईचं आडनाव दोनदा चुकवलं, दुसऱ्यांदा तर मी चिठ्ठी दिल्यावर. कीबोर्डवाल्यानं दर ओळीच्या शेवटी बासरी घुसवली. माझ्या अंदाजानं शोकसभेतली निम्मी रडारड त्या बासरीमुळे होते. गाणारा मुलगा हिंदी भाषिक, आवाज चांगला, मोबाइलवर बघून गायला. त्याला "ळ" काही जमेना. "जन पलभर म्हणतिल" असंच गायला. मी आधी कपाळावर हात मारला. मग लक्षात आलं, पलभर म्हटल्यामुळे हॉलमधल्या हिंदी मंडळींना पहिलीच ओळ कळली. "हाय हाय" मात्र शेजारच्या शर्माजींना मोर्चातलं वाटलं. नंतर हळूच विचारत होते, माताजी युनियनमध्ये होत्या का?

तिसऱ्या कडव्याला मुलगा अडखळला. "सखेसोयरे डोळे पुसतिल, पुन्हा आपल्या कामिं लागतिल" इथे. तेव्हा पेटीवाल्या काकांनी, जे तोवर मान खाली घालून नुसती साथ करत होते, कडवं उचललं. "उठतिल, बसतिल, हसुनि खिदळतिल." स्वच्छ मराठी, स्वच्छ "ळ". सत्तरीचे असतील. नंतर कळलं, माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले. 1918 मध्ये माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांना बोलावून काढलेलं ते. बासरी आपोआप थांबली. आणि बाहेर व्हरांड्यात आमचे दोन चुलते नव्या कॉलनीतल्या प्लॉटचे भाव बोलत खो खो हसत होते, ते आत स्पष्ट ऐकू आलं. कडवं आणि हसणं एकाच वेळी. दादानं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघंही तोंडावर रुमाल धरून हसलो. लोकांना रडतोय वाटलं असणार.

शेवटी फुलं वाहताना वाद्यसंगीत ठरलं होतं. काकांनी न विचारता तुकोबा धरला, "आम्ही जातो आपुल्या गावा, आमुचा राम राम घ्यावा." इथे राम राम म्हणजे रोजचा, भाजीवाल्याला घालतो तो. आमचा दूधवाला फुलं वाहत होता. त्यानं फोटोकडे बघून सहज म्हटलं, "राम राम, अम्मा." गाण्याला उत्तर दिलं, बस. पुढे चपला शोधायला निघून गेला.

दीड तारा कापला तो आडनावाचा, जनरेटरचा आणि बासरीचा. उरलेले साडेतीन बहुतेक काकांचे. बुकिंग करताना मॅनेजर "कोणीही पेटीवाला येईल" म्हणतो, ते मानू नका. काकाच हवेत असं निक्षून सांगा. ते मंगळवारी येत नाहीत. आणि मराठी गाण्यांचे कागद मोठ्या अक्षरात छापून द्या, मोबाइलचा स्क्रीन मधेच बंद पडतो.