रिमोट किल्लीचा सेल आणि मीटरवरचे शून्य

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीची रिमोट किल्ली दुरून चालेनाशी झाली. दाराशी उभे राहून दोन-तीनदा बटण दाबावे, तेव्हा कुठे कुलूप उघडे. इंदूरच्या रामबागेतून राजवाड्याकडे निघालो असता वाटेत किल्ल्या करून देणारे एक दुकान दिसले, आणि सेल बदलून घ्यावा म्हणून मी थांबलो.

दुकानदाराने किल्ली उघडून आतला सेल काढला, त्याला मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या आणि पडदा माझ्यासमोर धरला. त्यावर शून्य होते. "भिया, सेल तो गया ही, बोर्ड भी करंट खा रहा है," असे म्हणून त्याने, आजच काम करून घेतले नाही तर गाडी सुरूच होणार नाही, अशी भीती घातली. रात्री बायपासवर अडकल्याचे चित्र डोळ्यांसमोर आले आणि बोर्डदुरुस्ती, 'इम्पोर्टेड' सेल व कोडिंग यांचे मिळून १,८०० रुपये मी मुकाट्याने दिले. जुना सेल तेवढा मागून घेतला, कारण काहीही टाकून न देण्याची आमच्या घराची जुनी खोड आहे.

ही खोड कामी आली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यालाही हाच सीआर २०३२ सेल लागतो. तो काटा बंद होता, म्हणून सौभाग्यवतींनी हा 'मेलेला' सेल सहज घालून पाहिला, तर काटा चालू झाला. आमचे मेव्हणे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. त्यांनी आपला मीटर डीसी, म्हणजे सेलसारख्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या, २० व्होल्टच्या पट्टीवर ठेवून सेल तपासला, तेव्हा ३.०५ व्होल्ट दिसले. मग त्यांनी नॉब एसीकडे, म्हणजे घरातल्या दिशा बदलणाऱ्या विजेच्या पट्टीकडे, फिरवून त्याच सुया त्याच सेलला लावल्या, आणि दुकानात पाहिलेले शून्य पुन्हा दिसले. दुकानात नॉब कुठे होता हे मी पाहिलेच नव्हते, आणि ती चूक माझी.

नुसत्या व्होल्टवरही विसंबू नये, असे मेव्हण्यांचे म्हणणे. लिथियमचा हा ३ व्होल्टचा सेल जवळजवळ संपत आला तरी मोकळ्या मोजणीत बरा आकडा दाखवतो; खरी परीक्षा त्याच्यावर भार टाकल्यावर होते. त्यांनी ३३० ओहमचा रेझिस्टर काही क्षण जोडला, आकडा २.८च्या खाली गेला नाही. तोच सेल किल्लीत परत घातला, तर पहिल्या मजल्याच्या गच्चीतून गाडी उघडली. मूळ दोष बहुधा सेलखालच्या पातळ पत्र्यावर चढलेल्या काळपटपणाचा असावा, आणि किल्ली उघडताना तो पुसला गेला असावा.

गाडी सुरू न होण्याची भीती तर निखालस खोटी होती. किल्लीतली चोरीरोधक चिप सेलवर चालत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलकडूनच तिला ऊर्जा मिळते, म्हणून सेल पूर्ण संपला तरी माझ्यासारखी पात्याची किल्ली फिरवून गाडी सुरू होते. बटणाच्या बहुतेक गाड्यांतही किल्ली ठरावीक जागी टेकवून ती सुरू करता येते. सेल बदलला म्हणून नवे कोडिंगही सहसा लागत नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी म्हटले, तर पावती म्हणून मिळालेल्या चिठोऱ्यावर दुकानाचे नावच नव्हते. जुना सेल आजही किल्लीत चालतो आहे. 'इम्पोर्टेड' सेलवर सौभाग्यवती बेसन मोजतात.