अकरा महिने, एक लाख दहा हजार आणि एक मरून चादर

मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, "मालक, फोटोसाठी बघताय का गेमसाठी?" मी म्हटलं, "चादरींसाठी." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे आठ यंत्रमाग आहेत. चार मागांवर जेकॉर्डच्या, म्हणजे विणीतच नक्षी उठणाऱ्या चादरी, चारांवर टॉवेल. पूर्वी नमुने गठ्ठ्यात बांधून एसटीनं जायचे, आता गिऱ्हाईक म्हणतं "व्हॉट्सॲपवर टाका". मग फोटो चांगला पाहिजे, आणि फोटोसाठी फोन चांगला पाहिजे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि मागच्या जूनमध्ये १ लाख १० हजारांचा अँड्रॉइड घेतला. आप्पा खोकं हातात घेऊन एवढंच म्हणाले, "एवढ्यात जुना माग आला असता की." ते आजही अधूनमधून म्हणतात.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढं जे सांगतोय ते या किमतीच्या बहुतेक अँड्रॉइडना कमी-जास्त लागू पडतं, आणि नाव लिहिलं की लोक मुद्दा सोडून कंपनीवरून भांडत बसतात. त्या वर्षीचा सगळ्यात वरचा प्रोसेसर, १२ जीबी रॅम, ५००० एमएएचची बॅटरी, ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा, पाचपट ऑप्टिकल झूम, आयपी६८, इतकं पुरे. एक गोष्ट धंदेवाल्यांसाठी: बिल फर्मच्या जीएसटी नंबरवर घ्या. मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १ लाख १० हजारात पावणेसतरा हजारांच्या आसपास कर. फोन खरंच धंद्याला वापरत असाल तर त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर आपण भरायच्या जीएसटीतून वजा होतो. सीएला आधी विचारा, मी नंतर विचारलं आणि बिल बदलून घ्यायला दोन चकरा मारल्या.

पहिले पंधरा दिवस मी खूष होतो. स्क्रीन अशी की मोराच्या डिझाईनची चादर फोनमध्ये बघितली की खरी चादर फिकी वाटावी. तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. हैदराबादच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला मरून चादरींचे फोटो पाठवले, साठ नगांची ऑर्डर आली, माल गेला आणि आठवड्यात फोन आला: "फोटोत लालभडक होती, ही काथ्याच्या रंगाची कशी काय?" साठच्या साठ परत. जाण्या-येण्याचं भाडं आमच्याकडं. आप्पा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग मी कॅमेऱ्याच्या मागं लागलो. फोन एक फोटो काढत नाही, एका दाबात पाच-दहा फ्रेम घेतो, त्या एकावर एक बसवतो आणि समोर काय आहे ते ओळखून रंग "सुधारतो". जेवणाचं ताट असेल तर भाजी हिरवीगार, आभाळ असेल तर निळंशार. चादर दिसली की त्याला वाटतं, काय मस्त लाल आहे, अजून थोडा वाढवू. आणि गडद लालाची अजून एक गंमत आहे. सेन्सरचा लाल भाग सगळ्यात आधी भरून वाहतो, मग त्या जागी विणीचा तपशील राहतच नाही, सपाट लाल डाग उरतो. आमच्या काठातली बारीक वेल त्यातच गायब व्हायची.

दुसरा त्रास टॉवेलचा. टेरीचे उभे फासे आणि सेन्सरचे पिक्सेल यांची जाळी एकमेकींवर पडली की फोटोत नागमोडी इंद्रधनुषी पट्टे उठतात. गिऱ्हाइकाला वाटतं विणीत दोष आहे. हे पट्टे घालवायला फोन ते पुसून टाकतो, आणि मग टॉवेल टॉवेल राहत नाही, रबराच्या चटईसारखा दिसतो. ज्या मऊपणाचे आम्ही पैसे घेतो तोच पुसला गेला!

चार महिने करून करून जे जमलं ते असं. दृश्य ओळखून रंग सुधारणारी सेटिंग पहिल्यांदा बंद केली. मग प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हातानं ठरवायच्या सोयीत जाऊन एक्सपोजर (फोटोचा उजेड) थोडं खाली आणलं, उणे ०.७ च्या आसपास, म्हणजे लाल भरून वाहत नाही. व्हाइट बॅलन्स स्वतः ठरवून कुलूप लावलं, नाहीतर शेडमधल्या ट्यूबखाली एक रंग आणि दारापाशी दुसरा. एरवी फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, विणीच्या जवळच्या फोटोला मी पूर्ण ५० ठेवतो. नागमोडी पट्टे आले तर दोन पावलं मागं जाऊन झूमनं काढायचा किंवा कोन थोडा तिरका करायचा. सकाळी दहाच्या सुमाराला शेडच्या उत्तरेच्या बाजूला सावलीत जो उजेड असतो, त्याला तोड नाही. स्क्रीनचा रंग "व्हिव्हिड"वरून "नॅचरल"वर आणला, म्हणजे निदान मी तरी फसणार नाही.

पण समोरच्याची स्क्रीन? ती माझ्या हातात नाही. त्यावरचा उपाय मागावरच्या मास्तरांनी सुचवला, फोनवाल्यानं नाही. मास्तर घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि मागाशी दोन्हीतलं काहीतरी. ते म्हणाले, "चादरीवर शंभराची नोट ठेवून काढा की." नवी जांभळट शंभराची नोट सगळ्यांच्या खिशात असते. गिऱ्हाइकानं स्वतःची नोट स्क्रीनशेजारी धरायची. फोटोतली नोट हातातल्या नोटेपेक्षा जितकी जास्त तांबूस दिसते, तितकीच चादर पण जास्त तांबूस दिसतेय असं धरायचं. फक्त नोट कोरी पाहिजे, मळकी चालत नाही. आता आमच्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात एक शंभराची नोट असते. एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, ही काय सवलत आहे का.

आणि फोटो साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं, ते वेगळंच. मी फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतो. फाईल मोठी जाते, पण मग विणीचा धागा मोजता येतो.

आता धुळीचं. आयपी६८ मधला ६ म्हणजे धूळ आत शिरणार नाही, ८ म्हणजे कंपनीनं सांगितलेल्या खोलीपर्यंत आणि वेळेपर्यंत पाण्यात टिकेल. यातला ६ वाचून मी निर्धास्त होतो. मागाच्या शेडमध्ये कापसाचे बारीक तंतू हवेत सतत उडत असतात. भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडं. सातव्या महिन्यात चार्जर लावला की कधी लागायचा, कधी नाही. पिन पूर्ण आत बसायचीच नाही. सर्व्हिस सेंटरला नेला, तिथल्या मुलीनं टॉर्च मारून बघितलं आणि चार्जिंग पोर्टचा सबबोर्ड बदलावा लागेल, सहा हजार आठशे, असं सांगितलं. वॉरंटीत का नाही? तर "बाहेरच्या कणांमुळं" झालंय म्हणून.

तिथून निघालो आणि नवी पेठेत एका टपरीएवढ्या दुकानात थांबलो. तिथल्या पोरानं फोन बंद केला, डोळ्याला भिंग लावलं आणि लाकडी दातकोरणं तासून चपटं केलं. पोर्टच्या एका कडेनं हळू फिरवत त्यानं एक करडी गादी बाहेर काढली. अक्षरशः गादी. नखाएवढी, दाबून घट्ट झालेली, त्यात मरून रंगाचा एक धागा. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "मालक, ही तुमचीच चादर." पिन लावताच टक्कन बसली. पैसे विचारले तर चाळीस रुपये, आणि वर वीस रुपयांचं रबराचं बूच दिलं. बंद शरीराच्या आत धूळ जात नाही हे खरं, पण पोर्ट ही बाहेरची उघडी खोबण आहे. रोज पिन खुपसून आपणच तंतू तळाला दाबत जातो. सुईनं किंवा टाचणीनं कुणी उकरू नका, आतल्या पट्ट्या वाकतात.

उन्हाळ्याबद्दल सोलापूरकरांना मी काय सांगणार! फोनवाल्या कंपन्या मॅन्युअलमध्ये ० ते ३५ अंशांत वापरा असं लिहितात. आमच्याकडं ३५ म्हणजे मार्चचा गारवा. मे महिन्यात बाहेर ४३ आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. उन्हात स्क्रीन आधी झळाळते आणि पाच मिनिटांत आपोआप मंद होते, म्हणजे जेव्हा उजेड सगळ्यात जास्त पाहिजे तेव्हाच. फ्लॅश बंद. व्हिडिओ सात-आठ मिनिटांत थांबतो. चार्जिंग एरवी पाऊण तासात होतं, दुपारी दोन तास घेतं, कारण गरम बॅटरीत फोन मुद्दाम करंट कमी सोडतो. हे त्याचं शहाणपणच आहे, पण गाडी भरायला उभी असताना ते शहाणपण डोक्यात जातं.

एकदा आप्पांनी तापलेला फोन माठावरच्या ओल्या फडक्यावर ठेवला. गार झाला की! पण नंतर चार्जर लावला तर "पोर्टमध्ये ओलावा" असं सांगून संध्याकाळपर्यंत चार्जच होईना. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, बाहेर काढल्यावर दव धरतं. मी कव्हर काढतो, सावलीत ठेवतो आणि पंखा लावतो, बस. चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग पहिल्या महिन्यापासून चालू आहे. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण भरलेलं असणं आणि उष्णता, दोन्ही एकदम सोसत नाही. तरीही सुरुवातीला स्क्रीन सात तास चालायची, आता सहाला येऊन टेकली.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत मात्र फोननं माझं मन जिंकलं, थोडं हरवलंही. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची मिरवणूक, हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत (गाठी मारायच्या अंगरख्यात), वर दुपारचं ऊन. जुन्या फोनमध्ये हे सगळं पांढरं एकसंध ढगासारखं यायचं. यात बाराबंदीच्या गाठी दिसतात आणि सावलीतले चेहरे पण दिसतात. इथं त्या दहा फ्रेमा जोडण्याचं काम सोन्यासारखं आहे, मी कबूल करतो. नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाच्या मानेवरची शीर पाचपट झूममध्ये अशी आली की मेहुण्यानं त्याची मोठी प्रिंट काढून घेतली. संध्याकाळी होम मैदानावरच्या दारूकामाला नाईट मोड लावला तर आभाळ धुरकट करडं. प्रो मोडमध्ये शटर दोन सेकंद, आयएसओ १०० आणि फोन भिंतीला टेकवून धरला, तेव्हा खरे फवारे उतरले. आवाजाचा मात्र पचका. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र"चा घोष फोननं गोंगाट समजून दाबला आणि माझ्या शेजारच्या बाईंचं "अगं पर्स बघ, पर्स" अगदी स्वच्छ टिपलं. नेटवर्कच्या नावानं वर ५जी लिहिलेलं, पण गर्दीत एक फोटो जाईल तर शपथ. त्यात फोनचा दोष नाही.

सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानावर काळवीट बघायला गेलो होतो. पाचपटीपर्यंत झूम खरा, दहापटीपर्यंत चालवून घ्यावा. त्यापुढं फोन आठवणीतून चित्र काढतो. काळविटाच्या शिंगाचे पीळ त्यानं स्वतःच्या मनानं वळवले होते. माळढोक दिसला नाही, दिसला असता तरी या कॅमेऱ्यावर कुणी विश्वास ठेवला नसता.

मराठीत बोलून लिहायची सोय मी सगळ्यात जास्त वापरतो. हात तेलकट असताना ऑर्डर बोलून टाकतो. दहातले नऊ शब्द बरोबर, पण "पन्हा ६० इंच" (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) म्हटलं की दर वेळी "पुन्हा ६० इंच" लिहितो. पॅकिंगच्या मुलानं एकदा त्याच पन्ह्याचा माल खरंच पुन्हा भरला.

अपडेटबद्दल थोडं. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं २०२४ मध्ये एस२४ पासून सात वर्षांचे अपडेट द्यायचं जाहीर केलं. माझ्या फोनला चारच वर्षांचा वायदा आहे, हे मी घेताना बघितलंच नव्हतं. कॅमेऱ्याच्या आकड्यांत गुंतलो होतो. या पैशांत तो आकडा आधी बघा.

परवा नवी पेठेतल्या त्याच पोराला सहज विचारलं, आता विकला तर किती येतील? त्यानं कडेचा ओरखडा बघितला, स्क्रीन उन्हात तिरकी धरली आणि म्हणाला, "बावन्न देतो, मालक. बिल असलं तर चौपन्न." आप्पा शेजारीच उभे होते. मागाचा भाव त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी फोन परत घेतला, पोर्टचं बूच अंगठ्यानं नीट दाबलं आणि गाडीला किक मारली. दहा वाजायच्या आत शेडवर पोचायचं होतं, उत्तरेच्या बाजूला नवीन मोरपंखी चादर वाळत... नव्हे, फोटोसाठी पसरून ठेवली होती.