मशीन पास, वायर नापास : ट्रकमधला २४ व्होल्ट, १००० वॉटचा इन्व्हर्टर

कळंबोलीचं दुकान असो की ऑनलाईन खरेदी, ट्रकसाठी म्हणून मिळणाऱ्या १००० वॉटच्या प्युअर साइन (घरच्या विजेसारखी वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरचे स्टिकर वेगवेगळे असतात, आतला सरंजाम मात्र बराचसा सारखा. ॲल्युमिनियमची पेटी, मागे पंखा, पुढे दोन सॉकेट, आणि एका पिशवीत लाल-काळी वायरची जोडी. मशीनबद्दल फारशी तक्रार नाही. राईस कुकर, पंखा, लॅपटॉप, छोटा फ्रिज, ५०० वॉटचा मिक्सर हे सगळं चालतं. इंडक्शन शेगडीचा नाद सोडा. तिचा आकडा खाली ठेवला तरी बऱ्याच शेगड्या पूर्ण ताकदीनेच चालू-बंद होत राहतात आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

नापास होते ती पिशवीतली वायर. जेमतेम हातभर लांब, टोकाला चिमटे. दिसायला जाड, पण ती जाडी रबराची. टोक ब्लेडने खरवडून बघा: तांबडा रंग जाऊन पांढरं दिसलं, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. १००० वॉटच्या लोडला २४ व्होल्टवर सुमारे ५० अँपिअर ओढले जातात. चिमट्याचे दोन-चार दात टेकलेत आणि त्यातून ५० अँपिअर जाताहेत, म्हणजे चिमटा तापणार, प्लास्टिक वितळणार. ट्रकच्या हादऱ्यात तो निसटून चेसीला लागला तर मध्ये फ्यूजही नाही. हा चिमटा बाकावर टेस्टिंगपुरता ठीक, गाडीत नको.

त्यामुळे मशीन घेतानाच दुसरं सामान जोडीला घ्या: १६ स्क्वेअर एमएमची मऊ, बारीक तारांची तांब्याची केबल ७ मीटर, त्याच मापाचे सहा थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे, बोल्टच्या भोकाचे धातूचे टोपण), ८० अँपिअरचा बोल्टने बसणारा फ्यूज होल्डरसकट (वर ३२ व्होल्ट किंवा जास्त लिहिलेलं हवं), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी, वायर कापू न देणारी कडी) आणि फ्लेक्सिबल पाईप. हिशेब सोपा आहे. बॅटरीपासून इन्व्हर्टर ३ मीटरवर धरला तर जाऊन-येऊन ६ मीटर. १६ च्या केबलवर ५५ अँपिअरला साधारण ०.३६ व्होल्ट पडतात. तेच ६ स्क्वेअर एमएममध्ये जवळजवळ १ व्होल्ट. मग बॅटरी ठणठणीत असूनही कुकर लावला की लो व्होल्टेजचा भोंगा वाजतो, आणि शिव्या मशीनला बसतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात बसवायचा. तो इन्व्हर्टरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. केबिनमध्ये इन्व्हर्टरशेजारी बसवला, तर अलीकडची तीन मीटर वायर उघडीच राहते. थिंबल हातोड्याने ठोकून बसवणारे वायरमन अजून आहेत. तसं केलं की तारा आत सैल राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत जोड काळा पडतो. हायड्रॉलिक पक्कडीनेच दाबून घ्या आणि वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा.

मायनसच्या बाबतीत तर सरसकट घोळ होतो. ‘बॉडी अर्थ आहेच की’ म्हणून मायनस केबिनच्या पत्र्याला ठोकला जातो. केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली असते. ती चेसीला जोडलेली असते एका-दोन अर्थ पट्ट्यांनी, आणि त्या पट्ट्या काही इन्व्हर्टरचे ५० अँपिअर गृहीत धरून टाकलेल्या नसतात. पट्टी गंजली की हेडलाईट मंद होतात, मीटरचे काटे नाचतात. मायनसची स्वतंत्र केबल थेट बॅटरीपर्यंत न्या, प्लसच्या सोबतीने.

बॉडी अर्थ ही वेगळी वायर आहे. इन्व्हर्टरच्या पेटीवर अर्थचं चिन्ह असलेला एक छोटा स्क्रू असतो. बहुतेक गाड्यांत तो रिकामाच दिसतो. तिथून १० स्क्वेअर एमएमची वायर चेसीला, शक्य तितकी आखूड. आत प्लस वायर पेटीला लागली तर सगळा करंट या वायरमधून जाणार. फ्यूज उडेपर्यंत ती टिकायला हवी, म्हणून १० ची. चेसीवर रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत लोखंड काढा, ८ एमएमचा बोल्ट, स्टार वॉशर, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. रंगावरच बोल्ट आवळला तर ती अर्थिंग नाही, शोभा आहे.

आता सॉकेट. इन्व्हर्टर बंद असताना मल्टिमीटर ओमवर ठेवून सॉकेटचं अर्थचं भोक आणि पेटी यांच्यात बघा: १ ओमच्या आत यायला हवं. काही पेट्यांत ते भोक नुसतं भोकच असतं, आत पत्तीच नाही. तसा नग सरळ परत करा. दुसरी गोष्ट: चालू असताना टेस्टर दोन्ही भोकांत पेटला तर घाबरू नका. बऱ्याच इन्व्हर्टरचं आउटपुट चेसीपासून सुटं असतं, तिथे पक्का न्यूट्रल नसतो. तो ‘दुरुस्त’ करायला एक तार चेसीला जोडाल तर कदाचित मशीनच जळेल. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच जोडा. सुट्या आउटपुटवर घरासारखा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) लावून भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही, त्याला गळती सापडणारच नाही.

ट्रकचे २४ व्होल्ट म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. जुना १२ व्होल्टचा इन्व्हर्टर पडून आहे म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडू नका. ती रोज अर्धवट चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि जोडीच निकामी होते.

मशीनचा खरा दोष एकच, कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की मशीन आपोआप बंद होतं तो आकडा. अशा बहुतेक नगांत तो २१ व्होल्टला ठेवलेला असतो. कमी लोडवर २१ व्होल्ट म्हणजे बॅटरी मेलेलीच. सकाळी सेल्फ फिरणार नाही. विश्रांतीतल्या बॅटरीजोडीवर २४.४ म्हणजे साधारण निम्मा चार्ज, तिथेच थांबावं. १३० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये १३० च राहतात, २६० होत नाहीत. त्यातला एक तृतीयांश वापरला तर इन्व्हर्टरमधली घट जाऊन हाती साडेआठशे वॉट-अवर येतात: १०० वॉटचा लोड आठ तास, किंवा ७०० वॉटचा कुकर अर्धा तास आणि उरलेल्यात पंखा. रिमोट स्विचची सोय असलेलं मॉडेल मिळालं तर व्होल्टेज रिले (ठरलेल्या व्होल्टला स्विच बंद करणारा) लावून हे आपोआप होतं.

बसवण्याची जागा: सीटमागची उभी भिंत, चारी बाजूंनी वीतभर मोकळी. बर्थखाली गोधड्यांत पंखा कोंडतो. केबिन पुढे कलते तिथे केबलला सैल वळसा ठेवा, पत्र्यातून जाताना ग्रोमेट घाला, सायलेन्सरपासून लांब राहा. आणि केबल ब्रेकच्या हवेच्या नायलॉन पाईपला मुळीच बांधू नका; वायर तापली तर आधी हवा जाते.

शेवटचा जोड बॅटरीच्या टर्मिनलवर नाही, इन्व्हर्टरकडे करा. जोडताना ठिणगी उडते आणि बॅटरी बॉक्समध्ये हायड्रोजन असू शकतो. मग कुकर लावून बॅटरीचा प्लस आणि इन्व्हर्टरचा प्लस यांच्यात व्होल्ट मोजा, मायनसलाही तसंच. एका बाजूला ०.३ च्या वर आकडा आला तर कुठला तरी थिंबल किंवा फ्यूजचा नट सैल आहे. पंधरा दिवसांनी सगळे नट पुन्हा आवळा. चेसीवर वेल्डिंग करायच्या आधी इन्व्हर्टरच्या तिन्ही वायरी सोडवा: प्लस, मायनस आणि बॉडी अर्थसुद्धा.