घेवड्याला नुसती रासायनिक खताची गोणी, की शेणखत आणि गोणी?

कोरेगावच्या (जि. सातारा) वाघ्या घेवड्याला, म्हणजे इथल्या राजम्याला, भौगोलिक मानांकन मिळालं, पण ‘कडधान्यच ते, हवेतलं नत्र (नायट्रोजन) घेईल’ हा समज काही जात नाही. हवेतलं नत्र धरणाऱ्या, तूर-हरभऱ्यासारख्या भरपूर गाठी घेवड्याच्या मुळांवर येत नाहीत. त्याला नत्र द्यावंच लागतं. त्यामुळे नुसतं सेंद्रिय हा पर्याय मी धरलेलाच नाही.

नुसत्या रासायनिकाचा हिशेब सोपा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तर तेवढ्यासाठी ४ टन शेणखत लागेल, आणि त्यातलंही पहिल्या हंगामात थोडंच सुटतं. पीक तर तीनेक महिन्यांत काढणीला! पण पावसानं झोडपलं की युरिया वाहून जातो, आणि जास्त पडला तर पाला माजतो, शेंगा कमी.

दोन्ही एकत्र देण्यात खरा फायदा स्फुरदाचा (फॉस्फरसचा). चुनखडीच्या जमिनीत सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, अडकून बसतं. कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत दिलं तर मुळांना जास्त मिळतं. पावसानं ओढ दिली तर ओलही टिकते. खर्च मात्र आहे. शेणखत विकतचं असेल तर ट्रॉलीचं भाडंच डोळ्यांत पाणी आणतं. कच्चं शेण तर नकोच, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आवतण.

मी दोन्ही एकत्र देण्याच्या बाजूचा: शेणखत शेवटच्या कुळवणीला (पेरणीआधीच्या मशागतीला), स्फुरद आणि अर्धा युरिया पेरताना, उरलेला तीन-चार आठवड्यांनी, खुरपणीनंतर वाफसा (ना चिखल, ना कोरडं) बघून.