क्रँक पुली बदलल्यानंतरचे सात महिने, आणि खडूची एक रेघ

आमची आठ आसनांची डिझेल व्हॅन नऊ वर्षांची आहे आणि कुंभार्ली घाटाने कराड-चिपळूण अशा तिच्या आठवड्याला दोन खेपा होतात. मागच्या वर्षी जूनमध्ये सकाळी गाडी चालू करताच बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या फिरण्यावर अल्टरनेटर (बॅटरी भारणारे जनित्र) फिरवणारा पट्टा, किंचाळू लागला. दिवे आणि एसी एकदम लावले की आवाज वाढे आणि चढावर बॅटरीचा दिवा लुकलुके. सेवा केंद्राने दोन महिन्यांत दोनदा बेल्ट बदलला, मग बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर बदलला, आणि तरीही आवाज गेला नाही तेव्हा अल्टरनेटर गेल्याचे सांगून साडेचौदा हजारांचा अंदाज माझ्या हाती ठेवला.

तो खर्च मला पटला नाही, कारण मीटर वेगळेच सांगत होता. गाडी बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवी आणि इंजिन चालू केल्यावर, काहीही न लावता, 14.1. मात्र दिवे आणि एसी लावताच आकडा 12.4 पर्यंत उतरे, आणि नेमका त्याच क्षणी बेल्ट ओरडे. म्हणजे अल्टरनेटर वीज करत होता, पण भार आला की त्याला पुरेसे फिरवले जात नव्हते.

ओगलेवाडीच्या एका वयस्कर फिटरने आधी बेल्ट काढून अल्टरनेटर आणि आयडलर (बेल्टला वाट देणारे मोकळे चाक) हाताने फिरवून पाहिले. दोन्हींचे बेअरिंग गुळगुळीत होते. मग बेल्ट परत चढवून, इंजिन बंदच असताना, त्यांनी क्रँक पुलीवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या (क्रँकच्या) टोकाला बसवलेल्या, बेल्ट ओढणाऱ्या चाकावर, आतल्या हबपासून (मधल्या तुंब्यापासून) मधल्या रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. इंजिन चालू करून सगळा भार लावला आणि दोन मिनिटांनी बंद केले. रेघ तुटली होती. हबवरचा तुकडा जिथे थांबला होता, त्यापासून कड्यावरचा तुकडा चांगला चार बोटे सरकला होता.

ही पुली एकसंध नसते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल; पण तिच्या रबराकडे कोणी पाहत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के बसतात, म्हणजे मिनिटाला आठशे फेऱ्यांवर सोळाशे. क्रँकला बसणारा त्या धक्क्यांचा पीळ सोसण्याचे काम हबला आणि कड्याला चिकटवलेले ते रबर करते. उष्णतेने ते कडक होते, पुढच्या ऑइल सीलमधून तेल झिरपले तर फुगते, आणि पकड सुटली की हब फिरतो व कडे मागे राहते. आमचे सील ओले होतेच, त्यामुळे तेही बदलावे लागले.

त्या वेळी मी काटकसर केली आणि 5,200 रुपयांची मूळ पुली सोडून 1,900 रुपयांची दुसरी बसवली. तीन महिन्यांनी कोणी विचारले असते, तर मूळ पुलीवर पैसे घालवू नका असेच मी सांगितले असते. परंतु मी तिच्यावरही पांढऱ्या रंगाने रेघ ओढून ठेवली होती. चौथ्या महिन्यात ती नखभर सरकलेली दिसली आणि इंजिन मंद फिरत असताना कडे डगमगू लागले. पुली, मजुरी आणि नवा बोल्ट हा सगळा खर्च दुसऱ्यांदा झाला, तेव्हा माझे मत बदलले.

बोल्टचे मुद्दाम सांगतो. आमच्या इंजिनात तो घट्ट करताना ताणला जातो, म्हणून पुन्हा वापरायचा नसतो. डिसेंबरमध्ये मूळ पुली बसवताना जुनाच बोल्ट हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने आवळण्याची तयारी एका गॅरेजने चालवली होती. मी गाडी तिथून काढली आणि पुन्हा त्याच फिटरकडे नेली. त्यांनी नवा बोल्ट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), ठरलेल्या मापाला आणि पुढे ठरलेल्या कोनापर्यंत आवळला.

त्यानंतर सात महिने आणि सुमारे 11,000 किलोमीटर झाले. बेल्ट ओरडत नाही, आणि सगळा भार असतानाही मीटर 13.9 च्या खाली उतरत नाही. अल्टरनेटर जुनाच आहे. सेवा केंद्राकडे बेल्ट आणि टेन्शनरचे पैसे मी लेखी मागितले होते. उत्तर आलेले नाही. दर महिन्याला मी टॉर्च घेऊन बॉनेट उघडतो. परवा पाहिले तेव्हा हबपासून कड्यापर्यंत रेघ अखंड होती.