जिरासाठी पोस्टग्रेस: आठ महिने वापरल्यावर

आठ महिने झाले, ऑफिसचं जिरा डेटा सेंटर (कामाची तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर) पोस्टग्रेस १५ या डेटाबेसवर चालतंय, दोन नोड (जिरा चालवणारे सर्व्हर) आणि डेटाबेसला वेगळं मशीन. एकदाही रडवलं नाही. पण नवीन सेटअप करणाऱ्यांना कळकळीने सांगतो, क्रिएट डेटाबेसची, म्हणजे डेटाबेस बनवायच्या कमांडची, ती एक ओळ नीट लिहा, मेमरी, कनेक्शन वगैरे सगळं नंतर बदलता येतं, ती ओळ नाही.

टेस्ट सर्व्हरवर मी फक्त डेटाबेसचं नाव दिलं आणि एंटर मारला. जिरा मस्त चालू झालं, आठवडाभर सगळ्यांनी वापरलं, मग जिराच्या हेल्थ चेकमध्ये दिसलं की कोलेशन (मजकूर क्रमाने लावायचा नियम) इएन-यूएस, म्हणजे अमेरिकन इंग्रजीचं, आहे ते चालत नाही, 'सी' नावाचं पाहिजे. तयार डेटाबेसचं कोलेशन बदलता येत नाही, म्हणजे डंप (सगळ्या डेटाची फाइल) घ्या, नवीन बनवा, परत भरा. अख्खा शनिवार गेला. आता एन्कोडिंग यूटीएफ८, कोलेट (क्रम) आणि सीटाइप (अक्षरांचे प्रकार) दोन्ही सी, टेम्प्लेट झिरो (कोरा साचा), एवढं लिहिल्याशिवाय पुढे जातच नाही. आणि हा नियम उगाच नाहीये बरं का, इएन-यूएसचा क्रम लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून येतो, २०१८ साली तिच्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला, त्यामुळे ओएस अपग्रेड केल्यावर जुने टेक्स्ट इंडेक्स (मजकूर पटकन शोधायच्या सूची) चुकीचे ठरतात आणि रीइंडेक्स करावं, म्हणजे ते परत बनवावे लागतात. सी मध्ये सरळ बाइटचा क्रम, तो बदलत नाही.

त्याची एक किंमत आहे. आमच्या ग्राहकांची नावं मराठीत आहेत, आणि रिपोर्टमध्ये काळे आधी, कावळे नंतर येत होते, कारण युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत मात्र ह नंतर. डेटाबेसला हात न लावता त्या क्वेरीच्या ऑर्डर बायला (क्रम ठरवणाऱ्या भागाला) एमआर-एक्स-आयसीयू हे मराठीचं कोलेशन लावलं, यादी बरोबर लागली. मराठी माणसाला मराठी क्रमाने यादी मिळायलाच हवी.

दुसरी अडचण पोस्टग्रेस १५ ची. जिराच्या युजरला ग्रँट ऑल (डेटाबेसवरचे सगळे हक्क) देऊनही टेबल बनेनात, लॉगमध्ये परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक. १५ पासून पब्लिक स्कीमात (डेटाबेसमधला टेबलं ठेवायचा मूळ कप्पा) टेबल बनवायची परवानगी सगळ्यांना आपोआप मिळत नाही. डेटाबेसचा ओनरच जिराचा युजर ठेवला, विषय संपला.

कनेक्शनचं टेन्शन नको, एका नोडचा पूल (त्याने वापरायची जास्तीत जास्त कनेक्शन) २० चा, पोस्टग्रेस मुळातच १०० देतं. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने डेटासाठी राखलेली मेमरी) मात्र १२८ एमबीवर सोडू नका, रॅमच्या पाव हिस्सा द्या.

बॅकअप पीजी डंपने रोज होतो आणि महिन्यातून एकदा मी तो दुसऱ्या मशीनवर चढवून जिरा उघडून बघतो. पहिल्याच वेळी तिकिटं सगळी आली, अटॅचमेंट एकही उघडेना, कारण त्या डेटाबेसमध्ये नसतातच, शेअर्ड होमच्या, म्हणजे सगळ्या नोडच्या सामाईक, फोल्डरमध्ये असतात. तेव्हापासून त्या फोल्डरचाही बॅकअप डंपसोबतच चालतो.